जाताना घंटा वाजवू नये

किनुयो : ताई, दोर इकडे आहे बघ. मी वाजवली घंटा, आता तू वाजव.

फुसाए : तू वाजवलीस ना, पुरे. मी जाताना वाजवीन.

किनुयो : जाताना?

फुसाए : हो.

किनुयो : अगं, जाताना कोणी वाजवतं का? आई कशी हातावर चापट मारायची, विसरलीस? देवळात शिरताना घंटा वाजवायची, निघताना नाही. निघताना वाजवतात ती परतीची घंटा. मयताला पोचवून आलेल्यांची. ती वाजवली की माणूस त्या देवळात पुन्हा येत नाही म्हणायची आई.

फुसाए : मग बरोबरच आहे. मला कुठे पुन्हा यायचंय.

किनुयो : देवाच्या दारात हे कसलं बोलणं?

फुसाए : शहात्तर वर्षांची झाले, किनु. दोनशे चाळीस पायऱ्या आहेत. पुन्हा कोण चढतंय? बूट काढ आणि त्या फळीवर नीट लाव, टाचा भिंतीकडे. मोज्याला भोक नाही ना?

किनुयो : एकाहत्तरीची आहे मी, आणि अजून माझे मोजे तपासतेस.

फुसाए : आहे की भोक. अंगठ्यापाशी.

किनुयो : देव काय मोजे बघत बसलाय? बरं, आत जायच्या आधी मला एक सांग. तू फोनवर म्हणालीस, किनु, शनिवारी ये, एक जुनं देऊळ बघून येऊ. मी ओसाकाहून पहाटेची गाडी पकडली. पार्लरला कुलूप लावलं. म्हटलं, ताई दोन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागतेय. मला वाटलं, छतावर रंगवलेला ड्रॅगन असेल, सोन्याचा बुद्ध असेल, खाली चहाचं दुकान असेल. आणि इथे बघते तर काय, सगळ्या म्हाताऱ्याच. रांगेत एक तरणं माणूस दाखव मला.

फुसाए : तरण्यांचं काम नाही इथे. पोक्कुरी देऊळ आहे हे.

किनुयो : काय म्हणालीस?

फुसाए : पोक्कुरी. झटकन. अंथरुणाला खिळायचं नाही, कोणाकडून धुऊन-पुसून घ्यायचं नाही. रात्री जेवायचं आणि सकाळी उठायचं नाही. ते मागायचं देऊळ. अमिदा बुद्ध इथला त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

किनुयो : म्हणजे मला मरण मागायला आणलंस? चांगलीच सहल काढलीस की. निदान खाऊन तरी मागू. डब्यात काय आणलंयस?

फुसाए : भाताचे मुटके. आत खारवलेला आलुबुखार आहे. सहा आहेत, सगळे तुझे.

किनुयो : आणि तुला?

फुसाए : मला नकोत. भूक नाही.

किनुयो : बरं, हे पुडकं कसलं पोटाशी धरून बसलीस? बसमध्येसुद्धा खाली ठेवलं नाहीस.

फुसाए : आतले कपडे.

किनुयो : हे बघ, माझे कान म्हातारे झाले असतील, पण मला वाटलं तू "आतले कपडे" म्हणालीस.

फुसाए : तेच म्हणाले. इथे आतले कपडे देवापुढे ठेवतात. गुरुजी पाठ करतात, मग कमरेच्या पट्टीवर देवळाचा तांबडा शिक्का मारतात. ते घातले की शेवटी दुसऱ्याच्या हातून धुवून घ्यायची वेळ येत नाही. आजूबाजूला बघ, सगळ्यांच्या मांडीवर पुडकी आहेत.

किनुयो : अगं बाई. खरंच की. देवासमोर चड्ड्यांची रांग. आई असती तर हसून हसून लोळली असती. आण, बघू तरी तू कुठली आणलीस.

फुसाए : हात लावू नकोस.

किनुयो : नवीकोरी आहे का? इस्त्री केलीस? ताई, चड्डीला इस्त्री कोण करतं? आणि ही दुसरी... ही तर पुरुषाची आहे.

फुसाए : ह्यांची.

किनुयो : भाऊजींची?

फुसाए : नाव शिवलंय त्यावर. दिवसा त्यांना सांभाळतात त्या केंद्रात कपडे अदलाबदल होतात म्हणून सगळ्यांवर शिवते.

किनुयो : भाऊजींना आणायचं तरी होतंस मग.

फुसाए : सहा वर्षं झाली ते उठून बसलेले नाहीत. पायऱ्या कशा चढतील? आत्ता केंद्रात आहेत. केंद्राची गाडी साडेचारला त्यांना घरी आणून सोडते, त्याच्या आत मला घरी पोचायचंय.

किनुयो : काय दैव बघ. तीस वर्षं ह्याच रस्त्यावर बस चालवली माणसानं. सगळी देवळं पाठ. आणि एकाही देवळात पाय टाकला नाही. काय म्हणायचे ते?

फुसाए : "मी लोकांना देवाच्या दारात सोडतो, पुढचं त्यांचं ते बघतील."

किनुयो : हां, तेच. बोलायला लागले की आवरायचे नाहीत. आता बोलतात का काही?

फुसाए : एकच वाक्य. मेंदूला झटका आला तेव्हापासून बाकीचं सगळं गेलं, तेवढं राहिलं.

किनुयो : कुठलं?

फुसाए : "पुढच्या थांब्यावर थांबेल."

किनुयो : बसमधलं?

फुसाए : बसमधलं. बटण वाजलं की माइकवर म्हणायचे ते. भूक लागली तरी तेच म्हणतात, कूस वळवताना दुखलं तरी तेच. रात्री दोन-दोन तासांनी मी उठते त्यांना वळवायला, की अंधारात तेच. पुढच्या थांब्यावर थांबेल.

किनुयो : बापरे. तेवढंच?

फुसाए : तेवढंच. नंतर नुसते ओठ हलत राहतात. आवाज येत नाही.

किनुयो : तू मला कधी सांगितलं नाहीस हे.

फुसाए : तू विचारलं नाहीस. पुढे सरक, आपला नंबर आला.

इत्सुको : या, बसा. चटईवर जमत नसेल तर तो छोटा स्टूल घ्या. मी इत्सुको, गुरुजींची बायको. गुरुजी आत पाठाला बसलेत. नावं लिहून घ्यायची आणि कपडे आत पोचवायचे, ते माझ्याकडे असतं. चहा घ्या आधी, चढून आलात.

किनुयो : माझी ही थोरली बहीण. तिचंच काम आहे. मी नुसती बरोबर आलेय, मला एवढ्यात मरायची घाई नाही.

इत्सुको : असं बरेच जण म्हणतात. आणि मग पुढच्या वर्षी पुडकं घेऊन येतात.

फुसाए : ही लाकडी पट्टी मी घरूनच लिहून आणलीय. अक्षर नीट यावं म्हणून.

इत्सुको : सुंदर अक्षर आहे. कुरामोची सेइगो, वय एकोणऐंशी. कुरामोची फुसाए, वय शहात्तर. आणि मागणं...

किनुयो : काय लिहिलंय?

इत्सुको : कुरामोची ताई, आधी मला एक विचारायचंय. दुसऱ्याच्या नावानं कपडे आणले की आम्ही विचारतोच, जुना रिवाज आहे. तुमच्या मालकांनी हे स्वतः मागितलंय का?

फुसाए : हो.

किनुयो : ताई.

फुसाए : हो म्हटलं ना. रोज मागतात. दिवसाला वीस वेळा मागतात.

किनुयो : अगं, ते मागणं आहे का? झटक्यानं डोक्यात अडकून राहिलेलं वाक्य आहे ते. पोपटासारखं.

फुसाए : तू कधी ऐकलंयस? रात्री तीन वाजता, अंधारात, डोळे उघडे ठेवून माणूस म्हणतो, पुढच्या थांब्यावर थांबेल. तू सांग मला, ते काय मागतात. सहा वर्षं मी ऐकतेय. मला कळतं.

इत्सुको : आणि मागण्याच्या जागी तुम्ही लिहिलंय, "दोघांना एकाच दिवशी."

किनुयो : काय?

फुसाए : त्यात काय एवढं. जोडप्यांना तसं वाटतं.

इत्सुको : वाटतं. पण इथे लोक लिहितात, "वेळ आली की झटकन." वेळ कधी यायची ते कोणी लिहीत नाही, ते आपल्या हातचं नसतं. तुम्ही खाली तारीखही घातलीय.

फुसाए : ती आजची असेल.

इत्सुको : आजची नाही. मंगळवारची आहे.

किनुयो : ह्या मंगळवारची? मंगळवारी काय आहे?

फुसाए : लग्नाला पन्नास वर्षं होतात.

किनुयो : पन्नास. हो, होतात खरी. मी विसरलेच होते.

इत्सुको : अभिनंदन. पन्नास वर्षं म्हणजे थोडी नाहीत. पण कुरामोची ताई, मंगळवारपर्यंत कपडे मिळणार नाहीत.

फुसाए : का?

इत्सुको : सात दिवस देवापुढे ठेवावे लागतात. रोज पहाटे पाठ होतो, सातव्या दिवशी शिक्का. पुढच्या शनिवारी या.

फुसाए : सात दिवस?

इत्सुको : हो. आणि न्यायला स्वतःच यावं लागतं. टपालानं पाठवत नाही, दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाही.

फुसाए : मला मंगळवारच्या आत हवे होते.

इत्सुको : माझा इलाज नाही. पाठ अर्धा राहिला तर उलटं होतं म्हणतात. झटकन जायच्या ऐवजी माणूस वर्षानुवर्षं रखडतो. दोघंही रखडतात.

फुसाए : नियम आहे?

इत्सुको : नियम आहे.

फुसाए : मग ठीक आहे. नियम असेल तर काय बोलणार.

इत्सुको : गुरुजी आत वाट बघतायत. तुम्ही देवासमोर बसून या, उदबत्ती लावा. तुमच्या बहिणीला मी इथे चहा देते.

(फुसाए आत जाते. आतून पाठाचा आवाज आणि लाकडी ठोकळ्याचा ठेका ऐकू येतो.)

इत्सुको : जवळ या. हळू बोला, सरकत्या दारांना कान असतात. तुम्ही किती दिवसांनी भेटताय बहिणीला?

किनुयो : दोन वर्षांनी. फोन करते मी. दर महिन्याला करते.

इत्सुको : आज तिनं तुम्हाला काही दिलं?

किनुयो : आज? हो. स्टेशनवरच दिलं. आईचा कंगवा, लाखेचा. लहानपणी त्यावरून आमची भांडणं व्हायची. म्हणाली, तुझ्या पार्लरात शोभेल. मी म्हटलं, म्हातारपणी शहाणी झाली बाई.

इत्सुको : घरात कुत्रं-मांजर आहे?

किनुयो : मांजर होतं. शेजारी देऊन टाकलं म्हणाली, तिला आता आवरत नाही. वर्तमानपत्रही बंद केलंय, वाचायला डोळे चालत नाहीत म्हणाली. बाई, तुम्ही मला हे सगळं का विचारताय?

इत्सुको : तुम्हाला माहीत आहे का विचारतेय ते.

किनुयो : नाही. नाही, ताई तशी नाही हो. ती चड्डीला इस्त्री करणारी बाई आहे. तिनं आयुष्यात कधी रांग मोडली नाही.

इत्सुको : मी एकतीस वर्षं ह्या चटईवर बसतेय. "दोघांना एकाच दिवशी" हे मी आधी एकदाच वाचलं होतं. मलाही गोड वाटलं. मी गुरुजींना म्हटलं, बघा किती प्रेम आहे. तासाभरात शिक्का मारून कपडे हातात दिले. खाली पायऱ्यांपर्यंत पोचवायला गेले मी त्यांना.

किनुयो : मग?

इत्सुको : नवव्या दिवशी दोन पोलीस आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत कपडे होते. विचारलं, हा शिक्का तुमच्या देवळाचा का? मी म्हटलं, हो, आमचाच. तेही इस्त्री केलेले होते.

किनुयो : देवा.

इत्सुको : ती बाईही नीटनेटकी होती. अक्षर असंच सुंदर.

किनुयो : तासाभरात दिले म्हणालात. मग ते सात दिवस?

इत्सुको : आजपासूनचा नियम आहे.

किनुयो : तुम्ही खोटं बोललात?

इत्सुको : अमिदा बुद्धाच्या समोर. संध्याकाळी त्याची माफी मागेन. पण माझ्या खोट्याला फार तर सात दिवसांचं बळ आहे. पुढचं तुम्ही बघायचं. तुम्ही आज ओसाकाला परत जाणार आहात का?

किनुयो : सहाची गाडी आहे. होती.

इत्सुको : होती म्हणालात, बरं वाटलं. आली ती. चहा प्या.

फुसाए : चल, किनु. दोन-चाळीसची बस चुकली तर पुढची थेट चारला आहे. बाई, येते मी.

इत्सुको : शनिवारी. मी वाट बघेन. आणि कुरामोची ताई, जाताना घंटा वाजवू नका. पुन्हा यायचंय तुम्हाला.

किनुयो : ताई, सावकाश उतर. कठडा धर. माझा हात धर.

फुसाए : घंटा डावीकडे आहे.

किनुयो : माहीत आहे मला. तिकडे बघायचं नाही.

फुसाए : नुसती बघतेय. दोर किती गुळगुळीत झालाय. किती हात लागले असतील.

किनुयो : येणाऱ्यांचे हात आहेत ते. चल म्हणते ना.

फुसाए : केवढा घट्ट धरलायस हात. दुखतोय.

किनुयो : दुखू दे.

फुसाए : बस रिकामीच आहे. खिडकीपाशी तू बसतेस?

किनुयो : तूच बस. मला तुझ्या आणि दाराच्या मध्ये बसायचंय.

फुसाए : त्या बाईंनी सांगितलं तुला.

किनुयो : काय?

फुसाए : जे काही सांगायचं ते. तुझा चेहरा लहानपणापासून असाच आहे. काही लपवलंस की नाक लाल होतं.

किनुयो : ताई, मंगळवारनंतर केंद्राची गाडी येणार आहे का भाऊजींना न्यायला?

फुसाए : नाही. पाठवू नका म्हणून कळवलंय.

किनुयो : आणि ते का, म्हणून केंद्रात कोणी विचारलं नाही?

फुसाए : विचारलं. मी म्हटलं, बहीण येणार आहे मदतीला. सगळ्यांना आनंद झाला.

किनुयो : माझं नाव सांगितलंस.

फुसाए : तुझ्यावर लगेच विश्वास बसतो लोकांचा.

किनुयो : ताई, मला शिव्या दे. काहीही बोल. पण असं सरळ आवाजात बोलू नकोस, मला भीती वाटतेय तुझी.

फुसाए : शिव्या कशाला देऊ? तू दर महिन्याला फोन करायचीस. दर वेळी म्हणायचीस, ताई, तू आहेस म्हणून भाऊजी आहेत, तू फार खंबीर आहेस. आणि फोन ठेवायचीस. फोन ठेवल्यावर मी तिथेच उभी राहायची. वाटायचं, आता पुन्हा वाजेल. म्हणशील, अगं, खरंच कशी आहेस? सहा वर्षांत एकदाही वाजला नाही.

किनुयो : चुकलं माझं. मला यायची भीती वाटायची. त्या खोलीचा वास, भाऊजींचे ते डोळे. तू खंबीर आहेस म्हटलं की माझी सुटका व्हायची. म्हणून म्हणायची. घाण आहे मी.

फुसाए : घाण मी रोज धुते. तू घाण नाहीस, तू लांब होतीस.

किनुयो : मी शनिवारपर्यंत तुझ्याकडे राहते. तुला शनिवारी कपडे न्यायचे आहेत ना, मी येते बरोबर. सात दिवसांचा नियम आहे.

फुसाए : कसला नियम?

किनुयो : त्या बाई म्हणाल्या ना.

फुसाए : किनु, बावीस वर्षांपूर्वी मी सासूबाईंना घेऊन आले होते इथे. चहा निवायच्या आत कपडे हातात दिले होते. ह्याच बाईंनी. तेव्हा केस काळे होते त्यांचे.

किनुयो : म्हणजे तुला कळलं होतं?

फुसाए : त्यांनी "सात दिवस" म्हटलं तेव्हाच कळलं.

किनुयो : मग हो कशाला म्हणालीस? कपडे मागून घ्यायचे, निघायचं. कोण अडवणार होतं तुला?

फुसाए : सहा वर्षं सगळे माझ्याशी खरंच बोलतायत. डॉक्टर खरं सांगतात, सुधारणा होणार नाही. केंद्रातली मुलगी खरं सांगते, रात्रीसाठी माणूस नाही. कायमचं ठेवायच्या जागेसाठी तीनशे जण आमच्या पुढे आहेत, तेही खरं आहे. आणि आज एक अनोळखी बाई देवासमोर बसून माझ्यासाठी खोटं बोलली. चांगली अडखळत बोलली, तिला येत नाही खोटं बोलता. मला वाटलं, तिचा एवढा मान ठेवावा.

किनुयो : सात दिवस.

फुसाए : सात दिवस.

किनुयो : आणि शनिवारी?

फुसाए : शनिवारी ती शिक्का मारून देईल.

किनुयो : नाही देणार. काहीतरी नवीन नियम काढेल. चांदण्या पाहून शिक्का मारतात म्हणेल, शाई संपली म्हणेल.

फुसाए : आणि नाही काढला तर?

किनुयो : तर मी काढेन. आज रात्री तू झोपायचं आणि भाऊजींना मी वळवायचं. शिकव मला कसं वळवतात ते. पार्लरच्या दारावर पाटी लावायला शेजारणीला फोन करते, "मालकीण बहिणीकडे गेलीय, केस वाढवा."

फुसाए : तुला जमणार नाही. जड आहेत ते.

किनुयो : चाळीस वर्षं बायकांची डोकी बेसिनवर तोलतेय मी. जमेल. ताई, बाहेर बघ. तुमचा थांबा येतोय ना? ते पर्सिमनचं झाड.

फुसाए : हो.

किनुयो : बटण दाब मग. तुझ्या बाजूलाच आहे.

फुसाए : नाही दाबलं तर ही बस थेट धरणापर्यंत जाते, माहीत आहे? मध्ये कोणी चढत-उतरत नाही. हे म्हणायचे, शेवटच्या फेरीला धरणापाशी गाडी वळवताना पाणी इतकं शांत असतं की इंजिन बंद करून बसावंसं वाटतं.

किनुयो : ताई. बटण.

फुसाए : मी ठरवलं होतं की परत येताना दाबायचं नाही. तुला स्टेशनच्या बसमध्ये बसवून द्यायचं आणि... नाही, यांना साडेचारला आणतात. यांना एकटं कसं टाकायचं. म्हणून मंगळवार.

किनुयो : मी दाबू का? माझा हात पोचत नाही. सरक, मी उठते.

फुसाए : थांब. दाबलं मी.

चालक : पुढच्या थांब्यावर थांबेल. गाडी पूर्ण थांबेपर्यंत कृपया कोणी जागेवरून उठू नये.

किनुयो : चल, मी पुढे होते. डबा दे इकडे. ताई? काय झालं? रडतेस का? ताई, अगं बोल काहीतरी.

फुसाए : पुढचं हे होतं.

किनुयो : कशाच्या पुढचं?

फुसाए : नुसते ओठ हलायचे त्यांचे. सहा वर्षं. मला वाटायचं, उगाच हलतायत.

किनुयो : दार उघडेल आता, मी उभी राहते.

फुसाए : बस खाली, किनु. गाडी थांबेपर्यंत उठायचं नाही, म्हणतात हे.